वयाची अट

पालक्काडच्या रामभद्रन मास्तरांकडे मृदंग शिकायला वर्षभरात कोणी फिरकलं नव्हतं. भाची अखिलाने त्यांचं संकेतस्थळ उघडलं आणि कपाळावर हात मारला. वर भल्यामोठ्या अक्षरांत नुसतं 'नादब्रह्म'!

"मामा, हे शोधत कोण येणार? वर 'पालक्काडमध्ये मृदंग शिका' असं सरळ शीर्षक हवं. त्याखाली छोट्या शीर्षकांत लोकांच्या मनातले प्रश्न. लोक तेच टाइप करतात, मग आपलं पान वर येतं."

"माझं काय किराण्याचं दुकान आहे?" मास्तर फणकारले. पण अखिलाने एक प्रश्न लिहिलाच: 'साठीनंतर मृदंग शिकता येतो का?'

"हात चालतात ना? मग येतो की," मास्तर तुटकपणे म्हणाले. तिने तेच उत्तर खाली टाकलं.

आठवड्याभरात पहिली चौकशी आली. मास्तरांनी चष्मा लावून ती मोठ्याने वाचली, "वय बासष्ट. शोधलं तर तुमचंच पान सगळ्यात वर आलं. माझे हात चालतात. दुपारी स्वयंपाक आवरला की मोकळी असते. शिकवाल?"

खालचं नाव वाचून त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. बायको पदराला हात पुसत दारात उभी होती.

"मग, आजपासूनच येऊ का?"