वरचा सा

ताई जिन्यावर आहे तोवर छोट्यानं की-बोर्डचं बटण दाबून पट्टी अर्ध्या सुरानं खाली आणली. की-बोर्डच्या इवल्याशा पडद्यावर ‘उणे एक’ उमटलं, त्यावर त्यानं गाण्याचा कागद आडवा टाकला आणि साळसूदपणे बसून राहिला. छोट्या हे नाव ताईनं, त्याच्या थोरल्या बहिणीनं, ठेवलेलं. पन्नाशी उलटली, टक्कल पडलं, चार लोक संगीतकार म्हणून ओळखायला लागले, तरी ते काही सुटलं नव्हतं.

अकरा वाजता स्टुडिओवाल्याचा फोन यायचा होता. परवाच्या रेकॉर्डिंगला ताई गाणार की त्यानं हेरून ठेवलेली एक नवी मुलगी, तेवढंच त्याला विचारायचं होतं. चाल छोट्याची आणि गळा ताईचा, यात विचारण्यासारखं काही असतं हे आजवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पण दोन महिन्यांच्या खोकल्यानं ताईचा आवाज पार पोखरला होता, आणि या गाण्याचा अंतरा तर वरच्या सावर जाऊन संपत होता. चाल बांधताना छोट्यानं तो मोठ्या हौसेनं ठेवला होता. आता तोच गळ्याशी आला होता.

ताई आली, खुर्चीत टेकली, गरम पाण्याचे दोन घोट घेतले. छोट्यानं सूर धरला. तिनं डोळे मिटले, लगेच उघडले आणि कोपऱ्यातल्या जुन्या फ्रिजकडे बघितलं.

“याला काय झालं रे?”

“कुणाला?”

“फ्रिजला. आज बेसूर वाजतोय.”

छोट्याचा चेहरा उतरला. तो फ्रिज बारा वर्षं त्याच कोपऱ्यात एकाच सुरात घुमत होता, आणि तो सूर नेमका ताईचा होता. तिला कधी सूर मागावाच लागायचा नाही, ती दारातूनच गात आत यायची. छोट्यानं आकडा झाकला होता, चेहरा सांभाळला होता, पण फ्रिज बंद करायचं काही त्याला सुचलं नव्हतं.

“फ्रिज चढलाय, की आपण उतरलोय?” ताईनं कागद उचलला, आकडा बघितला, कागद होता तसा ठेवला.

“ताई, अर्ध्या सुराचा तर प्रश्न आहे. कुणाच्या लक्षात येणार नाही.”

“माझ्या आलं की.”

“तुझ्या गळ्यासाठीच केलं ना.”

“मग मला सांगून करायचंस. आजारी माणसाच्या दुधात गोळी विरघळवतात तसं काय करतोस? ने वर.”

छोट्यानं पट्टी वर नेली. ताई गायली. ध्रुवपद नीट झालं, अंतराही हळूहळू चढत गेला.

उंच इतकं बांधलंस का रे तुझं घर,
एक एक पायरी मी चढून आले वर.

त्या शेवटच्या ‘वर’ला आवाज फाटला. ताई पाणी प्यायली, पुन्हा गायली. पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा तर नुसती हवाच आली. ताईच्या गळ्यातून असं काही निघालेलं छोट्यानं जन्मात ऐकलं नव्हतं.

“शेवट खाली वळवू या,” तो घाईघाईनं म्हणाला आणि वाजवून दाखवलं. ओळ निम्म्यावर मागं फिरली आणि खाली येऊन बसली.

“एवढी चढली आणि तळमजल्यावरच उभी,” ताई म्हणाली. छोट्यालाही ते पटलं. चाल मेली होती.

ताई कागदाकडे बघत बसली. मग म्हणाली, “ही बाई एवढे जिने चढून आली. दमली असेल ना रे?”

“असेल.”

“दमलेलं माणूस दारात पोचल्यावर काय बोलतं?”

तेवढ्यात फोन वाजला. छोट्या तो उचलणार, तर ताईनंच स्पीकर चालू केला. स्टुडिओवाल्यानं नमस्कार केला, खोकल्याची चौकशी केली, मग अडखळत म्हणाला, “परवाचं काय करायचं, ताई? त्या मुलीला आजच कळवावं लागेल.”

“आधी ऐका,” ताई म्हणाली. छोट्याला तिनं मानेनंच खूण केली.

ती अंतरा गायली. घराची ओळ झाली, पायऱ्यांची सुरू झाली. ‘चढून आले’वर आवाज निषादापर्यंत पोचला, वरचा सा आता एका पावलावर होता. तिथं तो किंचित थरथरत उभा राहिला, आणि ताई थांबली. छोट्याची बोटं आपसूक वरच्या साकडे निघाली होती. तिनं त्याचं मनगट धरून ठेवलं.

खोलीत कुणी हललं नाही.

“…वर,” फोनमधून स्टुडिओवाला गायला. आवाज जाडाभरडा, एक सप्तक खालचा, पण सा नेमका.

मग तोच ओशाळला. “माफ करा हं, तोंडातून निघून गेलं.” घसा खाकरून म्हणाला, “परवा दहाला गाडी पाठवतो. त्या मुलीला पुढच्या गाण्याला बोलावू. आणि ताई, शेवटी काय जागा घेतलीत हो.”

“घेतली नाही,” ताई म्हणाली. “सोडली.”