तीन रकाने

"कट," दिग्दर्शिका टेसी तिसऱ्यांदा म्हणाली.

लिस आजीने तिसऱ्यांदाही तेच केलं होतं. प्रसंग तसा सोपा. साल १९४१, जर्मनांनी बळकावलेल्या लक्झेंबर्गमधलं एक स्वयंपाकघर, टेबलापलीकडे शिरगणतीला आलेला जर्मन अधिकारी. तो तीन प्रश्न विचारतो: राष्ट्र कोणतं, मातृभाषा कोणती, वंश कोणता. तिन्हींना 'जर्मन' असंच उत्तर द्यायचा वरून हुकूम. म्हातारी तिन्ही वेळा 'लक्झेंबर्गिश' म्हणते. इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असलेली गोष्ट. फक्त चित्रपटात संवाद फ्रेंचमधून म्हणायचे होते, आणि लिस आजी काही केल्या फ्रेंच बोलायला तयार नव्हती.

पॅरिसचे निर्माते देलकूर खुर्चीतून उठले. कॅमेरा त्यांचा, दिवे त्यांचे, त्यामुळे आवाजही त्यांचाच मोठा.

"अहो आजी, किती वेळा सांगायचं? तुमचं बोलणं कळणार कोणाला? तुमचा अख्खा देश आमच्या एका शहरात मावेल."

"मावेल की," लिस आजी म्हणाली. वय सत्त्याऐंशी, त्यातली साठ वर्षं गावच्या रंगमंचावर गेलेली. "माझ्या आईने ही उत्तरं दिली ना, तेव्हा मी टेबलाखाली मांजर धरून बसले होते. फ्रेंच तिलाही येत होतं हो. शेजारणीशी भांडायला वापरायची."

दिव्यांमागे कोणीतरी खुसखुसलं. देलकूर लाल झाले.

"ती नुसती बोली आहे, आजी. भाषा नव्हे."

"हं. तो अधिकारीही अगदी हेच म्हणाला होता."

टेसीची कानशिलं तापली. संवाद फ्रेंचमध्ये उतरवले होते ते तिनेच, स्वतःच्या हाताने. सहा वर्षं या चित्रपटासाठी दारोदार उंबरे झिजवले आणि शेवटी देलकूरच्या अटीपुढे मान तुकवून मोकळी झाली. कुठल्या गोष्टीत मान तुकवली, तर मान न तुकवणाऱ्या म्हातारीच्या गोष्टीत! तिला स्वतःची लाज वाटली.

देलकूरनी कराराचं शेवटचं पान तिच्यापुढे सरकवलं. "टेसी, एवढंच भरायचं राहिलंय. भाषेपुढे फ्रेंच लिही आणि सही कर. नाहीतर संध्याकाळी माझी गाडी कॅमेरा घेऊन निघेल. मग बस चित्रपट काढत फोनवर."

टेसीने पान जवळ ओढलं. चित्रपटाचं राष्ट्र, मूळ भाषा, दिग्दर्शकाचं राष्ट्रीयत्व. तिने पुन्हा मोजलं. तीनच रकाने होते.

लिस आजी खिडकीशी उभी राहून प्लमच्या टार्टचा तुकडा खात होती, जणू हे भांडण शेजारच्या घरातलं.

"आजी, तोंड पुसा," टेसी म्हणाली. "संध्याकाळ व्हायला चार तास आहेत. फ्रेंच विसरा."

"आठवत होतं कुणाला?"

टेसीने खिसे चाचपले. पेन नव्हतं. तेवढ्यात टेबलापलीकडून एक हात पुढे आला. राखाडी गणवेशाची बाही, वर गरुडाचा बिल्ला. अधिकाऱ्याचं काम करणारा हेनिंग बर्लिनचा होता. सकाळपासून संवाद सोडून एक अक्षर बोलला नव्हता.

"हे घ्या," तो म्हणाला. "चित्रपटातलं असलं तरी लिहितं."

टेसीने शत्रूचं पेन घेतलं आणि तिन्ही रकान्यांत एकच शब्द लिहिला.