सोलापूरचा शिक्का

सकाळी रद्दीतल्या एका बंद पाकिटावरचं जुनं तिकीट मी पाण्यात भिजवून सोडवलं. पाकीट न फोडताच फेकलं. आम्हा तिकीटवाल्यांना पत्राशी काय देणंघेणं?

तिकिटाचा फोटो विक्रीसाठी ऑनलाइन टाकला. नेहमीच्या गिऱ्हाईक मुक्ताताईंनी दुपारी आणखी एक मागवला आणि लगेच फोन केला.

"अहो महिपतराव, पहिल्या फोटोत शिक्का सोलापूरचा, दुसऱ्यात लोणी काळभोरचा. तिकीट विकताय की प्रवासवर्णन?"

मी तिकीट उलटं ठेवलं, पुन्हा सुलटं केलं. शेवटी भिंग धरलं. शिक्का आमच्या कसबा पेठेचा होता, तारीख आजची. शाई बोटाला लागली.

तेवढ्यात दाराखालून ते पाकीट आत सरकलं. तिकिटाची जागा अजून ओली होती. पत्त्यावर आता माझं नाव होतं.