झील धरणारे

"चेंडू आपला आहे," योनास म्हणाला. "म्हणजे..." आणि तिथेच अडकला.

ड्रेसिंग रूममध्ये सगळे वाट बघत होते. हायडेलबर्गच्या विद्यापीठाचा संघ, मध्यंतर, समोरच्यांचे दोन गोल, आपला एकही नाही. मुख्य कोच म्हणून योनासचा हा पहिलाच सामना. वयाने खेळाडूंहून जेमतेम मोठा. मार्कर फळ्यापाशी तसाच राहिला आणि त्याच्या मानेवर लाल चट्टे उठले.

दाराशी विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या प्रमुख, फ्राऊ लेन्त्स, उभ्या होत्या. योनासला पद तात्पुरतं दिलेलं होतं; त्याला कायम करायचं की नाही, हे त्या आज ठरवणार होत्या. तो नाही तर कोण, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनी मान वळवून मागच्या बाकाकडे पाहिलं.

मागच्या बाकावर तिघे सहायक कोच. सामन्याआधी लाउडस्पीकरवरून त्यांची ओळख करून दिली होती. उवे: दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये बचावफळीत आठ हंगाम, मग गुडघा गेला, मग शाळाशाळांचे संघ घडवता घडवता केस पांढरे झाले. आनिका: देशाच्या मुलींच्या संघाची एकेकाळची गोलरक्षक, आता इथे क्रीडाविज्ञान शिकवते. आणि नागेश: आठवडाभर एश्बॉर्नच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर, सुट्टीच्या दिवशी समोरच्या संघांचे व्हिडिओ बघतो. बास. "तुझी कारकीर्द सांगून संपते तोवर माझ्या बिअरचं झाकणसुद्धा निघत नाही," असं उवे त्याला चिडवत. इथे सगळे एकमेकांना 'डू', म्हणजे 'तू', म्हणायचे. नागेशच्या मनात मात्र उवेंना अहोच.

ती ओळख खरं तर अपुरी होती. मिरजेला काका कीर्तन करत, तेव्हा पोरवयापासून नागेश टाळ घेऊन त्यांच्या मागे उभा असे. झिलकरी. बुवांनी सोडलेली ओळ मागून उचलायची, बुवांना दम घेऊ द्यायचा. हे जर्मनमध्ये कसं सांगायचं ते त्याला कधी सुचलं नाही, आणि फुटबॉलशी त्याचा संबंध तरी काय, म्हणून त्याने ते सांगितलंही नव्हतं.

"म्हणजे..." योनास पुन्हा म्हणाला.

उवे उठायला लागले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. एकेक खेळाडू त्यांच्याकडे वळून बघू लागला. ते बोलले असते तर पोरांनी कान देऊन ऐकलं असतं, आणि त्या खोलीत योनासचं पुन्हा कुणी ऐकलं नसतं.

"चेंडू आपला आहे," नागेश म्हणाला.

तो स्वतःच दचकला. बुवा अडले की ध्रुपद, म्हणजे त्यांचीच ओळ, धरायचं. जिभेने त्याला विचारलंच नव्हतं. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हो, ते कळलं," एक खेळाडू म्हणाला. "पुढे?"

पुढचं नागेशकडे नव्हतंच. पुढचं बुवांनी म्हणायचं असतं. पण आता थांबलं तर योनासबरोबर आपलीही फजिती. त्याने मांडीवर ताल धरला.

"चेंडू आपला आहे."

"अरे, बरा आहेस ना?" आनिका कुजबुजली.

पुन्हा म्हणताना त्याचा आवाज चिरकला. झील एकट्याने धरायची नसते. शेजारी दुसरा गळा लागतो, म्हणजे एकाचा श्वास तुटला तरी ओळ तुटत नाही. आणि इथे तो दुसरा गळा कुठून आणायचा?

उवे अर्धवट उभे होते. त्यांनी योनासकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. बाई त्यांच्याकडेच बघत होत्या. मग जाड, खरखरीत आवाजात ते म्हणाले, "चेंडू आपला आहे."

उवेच म्हणताहेत म्हटल्यावर एका पोराने बूट आपटला. मग दुसऱ्याने. मग सगळ्या बाकांखाली बुटांचे खिळे फरशीवर खणखणू लागले आणि पोरं गॅलरीत ओरडावीत तशी ओरडू लागली.

योनासने डोळे मिटले. उघडले.

"म्हणजे, तो समोरच्यांना देऊन टाकायची घाई कशाला?" तो म्हणाला.

नागेश त्याच क्षणी गप्प झाला. उवे भरात आणखी एकदा म्हणायला निघाले, तेव्हा त्याने बाही ओढून त्यांना खाली बसवलं. बुवांचा श्वास परत आला की मागच्याने थांबायचं. ओळ धरण्यापेक्षा हे शिकायलाच जास्त वर्षं जातात. योनास बोलत होता. आधी चाचरत, मग फळ्यावर भराभर रेघा ओढत, मग एकेकाचं नाव घेऊन. फ्राऊ लेन्त्स भिंतीला टेकून ऐकू लागल्या.

पंचांची शिट्टी झाली. पोरं धावत बाहेर पडली आणि त्यांच्याबरोबर योनासही. लंगडत चालणारे उवे मागे राहिले, म्हणून नागेशही राहिला.

"मी कशाला उठलो होतो ते पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"या जागेची मी किती वर्षं वाट बघितली, तुला माहीत नाही." उवेंनी जॅकेटची चेन उगाचच वरखाली केली. "आणि ते काय होतं रे, तू केलंस ते?"

"आमच्याकडे देवळात एकजण पुढे उभा राहून गातो, कथा सांगतो. तो मध्येच अडला, तर मागचे त्याचीच ओळ म्हणत राहतात."

"किती वेळ?"

"त्याला पुढचं आठवेपर्यंत."

बाहेर शिट्टी पुन्हा झाली. उवे दारात थांबले.

"आणि नाहीच आठवलं तर?"

"तर घरी जाताना लोक म्हणतात, आज भजन काय रंगलं हो!"