आईचं सभागृह

फ्रिजवर अवनीचा व्हेटो लावलेला होता. वहीचं पान, चार कोपऱ्यांना चार मॅग्नेट, लाल स्केचपेनने मोठ्ठी सही आणि खाली तारीख, ऑक्टोबर २००६.

पाचवीच्या वर्गात नव्या अमेरिकन टीचरने आठवडाभर तिकडचं सरकार चालवायला घेतलं होतं. अवनी राष्ट्राध्यक्ष झाली आणि ते सरकार घरीही घेऊन आली. बाबा सेनेट, आई प्रतिनिधिगृह. दोघांनी मिळून जानेवारीत कायमचं पुण्याला परतायचा कायदा केला आणि राष्ट्राध्यक्षांनी तो सरळ परत पाठवला.

कायदा केला म्हणजे काय, तर प्रबोध बोलला आणि उल्काने मान हलवली. बारा वर्षांच्या संसारात ती मान आपली आपण हलायला लागली होती.

रविवारची दुपार होती. सुमात्रातल्या वणव्यांचा धूर समुद्र ओलांडून शहरभर पसरलेला, खिडक्या बंद. चौदाव्या मजल्यावरून समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे लागतं ते कळत नव्हतं. नांगर टाकलेली जहाजं अधांतरी उभी होती. उल्का कधीपासून तिकडे बघत बसली होती. त्या धुरकट उजेडात तिला वाटत होतं, आपण बेडोक भागातल्या लायब्ररीत आहोत, पोरं मांड्या घालून पुढ्यात बसलीत, आपण गोष्ट सांगतोय आणि ती काही केल्या संपत नाहीये. जूनपासून तिला तिथे मुलांना गोष्टी सांगायची नोकरी लागली होती. ती तिला सोडायची नव्हती. हे तिने घरात सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

"काय राष्ट्राध्यक्षबाई," प्रबोध फ्रिजसमोर उभा राहून लाडात म्हणाला, "एवढं सैन्य तुमच्या हाताखाली आणि बापाला अडवायला वहीचं पान?"

"बाबांवर आर्मी यूज करायला कॅन्नॉट, ला." इथल्या पोरांसारखं 'ला' लावून बोलली तरी अवनी अगदी गंभीर होती. "ओन्ली व्हेटो."

"मग ऐका. दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर केलं की तुमचा व्हेटो गेला. आहे ना पुस्तकात?"

अवनीने पुस्तक काढून पाहिलं. होतं. तिचं तोंड एवढंसं झालं.

"बोथ हाउसेस," ती हळूच म्हणाली. "देन प्रेसिडेंट कॅन्नॉट डू एनिथिंग."

"झालं तर! घ्या मतदान." प्रबोधने ऐटीत उजवा हात वर केला. "सेनेट, एकमताने मंजूर. हं, उल्का."

तिच्याकडे न बघताच त्याने डाव्या हाताने पहिलं मॅग्नेट काढलंही.

उल्का खिडकीपासून वळली. अजून झोपेतच असल्यासारखं वाटत होतं. नेहमीसारखी मान हलवून भागलं असतं तर ती केव्हाच हलली असती. पण इथे हात वर करायचा होता, आणि तो काही वर जाईना. क्षणभर तिला भीती वाटली. मग वाटेनाशी झाली.

"सेनेट, वन," अवनीने मोजलं आणि आईकडे बघत राहिली.

प्रबोध हात वर ठेवून तसाच वळला. "उल्का?"

"हात खाली घे, प्रबोध," ती मायेने म्हणाली. "अवघडेल."