मंगळावरची पावलं

मंगळावरून लेकीने पाठवलेले व्हिडिओ जुन्या प्लेअरवर काळपट दिसत, आणि सगळे आवाज एकाच स्पीकरमधून येत. आज विश्रामनी नवा प्लेअर जोडला, खोलीच्या चारी कोपऱ्यांत स्पीकर लावले आणि लेकीचा नवा व्हिडिओ सुरू केला. त्यांच्या अंध पत्नी इंदुमती खुर्चीच्या टोकाशी सरसावून बसल्या.

पडद्यावर लेकीच्या खिडकीबाहेरची तांबडी सकाळ लख्ख उजळली, पण विश्राम इंदुमतींकडेच बघत राहिले. मागच्या भिंतीपाशी इवली पावलं वाजली, अडखळली, डावीकडून वळली.

"अहो, नात चालायला लागली," त्या म्हणाल्या. "माझ्याकडेच येतेय."

"आई, माइकच्या जागी तू बसलीयस असं समज," लेकीचा आवाज आला.

इंदुमतींनी हात पसरले. पावलं समोर येऊन थांबली. नात खुदकन हसली, आणि ते हसू जेवढ्या उंचीवरून आलं त्यावरून ती केवढी उंच झालीय ते इंदुमतींना कळलं.