ताईचं खातं

आमच्या कंपनीचा नवा मेल सर्व्हर किती ताण सोसतो, ते आम्ही तपासत होतो. त्यासाठी हजारो खोटी खाती उघडायची, त्यांनी एकमेकांना निरर्थक मेल पाठवायचे आणि मशीननंच ते उघडून मिटायचे. बाहेरचं कनेक्शन बंद होतं. आत माणूस म्हणून कोणी नव्हतंच.

नावं रचता रचता एका खात्याला मी ताईचं नाव दिलं. तिला जाऊन वर्षही झालं नव्हतं. तेवढंच कुठेतरी राहील, एवढंच मनात होतं.

बाकीची खाती पापणी लवायच्या आत मेल मिटत. ताईचं खातं रेंगाळायचं. लांब मेलवर जास्तच. मधेच तोच मेल पुन्हा उघडायचं.

"हे एकटं सगळी सरासरी बिघडवतंय," साहेब वैतागले. "उडवून टाक."

"उडवतो," म्हणालो, पण हात धजेना. ताई साबणाच्या वेष्टनावरचा मजकूरसुद्धा ओळीखाली बोट धरून वाचायची. अर्थ लागला नाही, की पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी मी तिला खरा मेल लिहिला. "ताई, त्यात काही नाहीये गं. पुरे आता, दमशील."

तो उघडला. बराच वेळ उघडाच राहिला. मग मिटला, आणि ताईचं खातं इतरांसारखं झरझर चालू लागलं.

"बघ, सुधारलं की!" साहेब खूश झाले.

तेवढ्यात यादीत ताईच्या खालचं खातं रेंगाळलं. मग त्याच्या खालचं. मग पडद्यावरची सगळीच. एकेक जुना मेल पुन्हा पहिल्यापासून, सावकाश उघडत होता.

ती नावं तर मी मनानंच रचली होती, कुठल्याच माणसाची नव्हती.